नवोदय प्रवेश परीक्षा (इयत्ता सहावी): शिष्यवृत्तीच्या अभ्यासावर भागेल की वेगळी तयारी करावी?

प्रश्न (पाचवीतल्या मुलीची आई, जालना जिल्हा)

नमस्कार. माझी मुलगी गावातील जिल्हा परिषद शाळेत पाचवीत शिकते. जवाहर नवोदय विद्यालयात (केंद्र सरकारच्या निवासी शाळेत) जाण्याची तिची मनापासून इच्छा आहे आणि आमची तिला पूर्ण साथ आहे. शाळेत गुरुजी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी नियमितपणे करून घेतात. तेवढी तयारी नवोदयसाठी पुरेशी ठरेल का, हे मला समजून घ्यायचे आहे. तिच्या वडिलांचे म्हणणे असे आहे की, तालुक्याला नवोदयचे निवासी क्लास चालतात, तिला तिथे ठेवावे आणि शाळेतील नावही तिथल्याच एखाद्या खासगी शाळेत घालावे. आमची शेती कोरडवाहू असल्यामुळे क्लासची फी आम्हाला जड जाईल, तरीही तिच्या भल्यासाठी ती भरण्याची आमची तयारी आहे. मी स्वतः बारावीपर्यंत शिकले असून रोज संध्याकाळी तासभर तिच्याजवळ बसू शकते. त्या तासात नेमके काय करून घ्यावे, याचे मार्गदर्शन कृपया करावे.

उत्तर (प्राथमिक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा)

ताई, सर्वप्रथम शाळा बदलण्याचा विचार थांबवावा, अशी कळकळीची विनंती आहे. नवोदयमधील किमान 75 टक्के जागा ग्रामीण विद्यार्थ्यांसाठी असतात आणि त्यांवर दावा सांगण्यासाठी मुलाने तिसरी, चौथी व पाचवी ही तिन्ही वर्षे ग्रामीण भागातील मान्यताप्राप्त शाळेत शिकलेले असावे लागते. या तीन वर्षांत ते एक दिवस जरी शहरी भागातील शाळेच्या पटावर असले, तरी त्याला शहरी उमेदवार मानले जाते. तालुक्याचे गाव शहरी क्षेत्रात मोडत असेल, तर केवळ नाव हलवल्यामुळे मुलीचा ग्रामीण जागेवरील हक्क जाईल. शिवाय ही परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, दुसरी संधी कोणत्याही कारणाने मिळत नाही.

आता अभ्यासाकडे वळतो. परीक्षेत दोन तासांत 80 प्रश्न व 100 गुण असतात. त्यांपैकी 40 प्रश्न व 50 गुण मानसिक क्षमता चाचणीचे असून अंकगणित आणि भाषा यांना प्रत्येकी 20 प्रश्न व 25 गुण आहेत. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता विषयात अक्षरमाला, नाती, दिशा, सांकेतिक भाषा असे शब्दांवर आणि संख्यांवर आधारलेले प्रश्न बरेच असतात. नवोदयच्या मानसिक क्षमता चाचणीत मात्र सर्व प्रश्न आकृत्यांवरच असतात. म्हणजे निम्मी परीक्षा अशा प्रकारच्या प्रश्नांची आहे, ज्यांचा सराव शिष्यवृत्तीच्या तासाला तुलनेने कमी होतो. माझ्या वर्गातील गणितात अतिशय हुशार असलेली मुलेही सुरुवातीला इथेच अडखळतात, कारण पाठांतराचा आणि सूत्रांचा इथे काहीच उपयोग नसतो.

तुमच्या तासातील अर्धा वेळ या आकृत्यांना द्यावा, आणि पहिले काही आठवडे पुस्तकापेक्षा वस्तू हाताळण्यावर भर द्यावा. आरशातील प्रतिमेसाठी घरातला लहान आरसा आकृतीशेजारी उभा धरून मुलीला आधी उत्तर सांगू द्यावे, मग आरशात पाहून ते ताडून घ्यावे. कागदाची घडी घालून भोक पाडल्यास उलगडल्यावर भोके कुठे दिसतील, हा प्रश्न जुन्या कॅलेंडरच्या पानांवर कात्रीने प्रत्यक्ष करून पाहावा. तुकडे जोडून चौरस किंवा वर्तुळ पूर्ण करण्याचे प्रश्नही पुठ्ठा कापून समजतात. मोठ्या आकृतीत लपलेली छोटी आकृती शोधण्यासाठी पातळ कागदावर ती गिरवून मूळ आकृतीवर सरकवून पाहावी. हाताने केलेली गोष्ट मुले हळूहळू मनातल्या मनात करू लागतात, आणि ती तशी करू लागली की मगच मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला घ्याव्यात.

अंकगणितात अपूर्णांक, दशांश अपूर्णांक, परिमिती व क्षेत्रफळ हे घटक शाळेत होतातच. ल.सा.वि., म.सा.वि. आणि नफा-तोटा मात्र आपल्या पाचवीच्या पाठ्यपुस्तकात नाहीत, ते सहावीत येतात. त्यासाठी महागडी मार्गदर्शक पुस्तके घेण्याची गरज नाही. बालभारतीच्या सहावीच्या गणित पुस्तकातील ती प्रकरणे पुरेशी आहेत आणि ते पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.

उत्तर (नवोदयचा माजी विद्यार्थी, सध्या पुण्यात नोकरी)

गुरुजींनी अभ्यासाचे सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी निवड झाल्यानंतरच्या गोष्टींबद्दल लिहितो, कारण त्यांची तयारीही आतापासूनच करावी लागते. 1985-86 मध्ये देशात पहिली दोन नवोदय विद्यालये सुरू झाली, त्यांपैकी एक हरियाणातील झज्जरला आणि दुसरे आपल्या अमरावतीला होते. ग्रामीण भागातील हुशार मुलांना पैशांअभावी चांगले शिक्षण नाकारले जाऊ नये, हाच या योजनेचा मूळ हेतू होता आणि माझ्यासारख्या अनेकांच्या बाबतीत तो पुरेपूर खरा ठरला. राहणे, जेवण, गणवेश आणि पुस्तके विनामूल्य असतात. नववीपासून घेतल्या जाणाऱ्या विद्यालय विकास निधीतूनही मुलींना सूट आहे, त्यामुळे खर्चाची काळजी तुम्ही मनातून काढून टाकावी.

मात्र दहा-अकरा वर्षांच्या मुलीला घर सोडून राहायचे असते, याचा विचार तिच्याशी मोकळेपणाने बोलून व्हावा. स्वतःचे कपडे धुणे, अंथरूण आवरणे, पहाटे स्वतःहून उठणे या सवयी ज्यांना घरीच लागलेल्या होत्या, ती मुले आमच्या सदनात (वसतिगृहात) लवकर रुळली. सुरुवातीची वर्षे मराठीतून शिकवले जाते, त्यानंतर गणित व विज्ञान इंग्रजीतून आणि सामाजिक शास्त्रे हिंदीतून शिकावी लागतात. नववीत काही विद्यार्थ्यांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातील नवोदयमध्ये पाठवले जाते, हेही तिला आधीच माहीत असावे. क्लासला ठेवण्यापेक्षा हे वर्ष तिने तुमच्याजवळ घालवावे, असे मला वाटते. पुढची सात वर्षे ती सुट्टीपुरतीच घरी येणार आहे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

आपले दोघांचेही मनःपूर्वक आभार. ग्रामीण जागांचा नियम मी तिच्या वडिलांना वाचून दाखवला आणि शाळा न बदलण्याचे आम्ही ठरवले आहे. क्लासला तिला सध्या पाठवणार नाही. गुरुजी, दोन शंका आहेत. मुलगी प्रश्न बरोबर सोडवते, परंतु फार सावकाश सोडवते. तसेच भाषेच्या उताऱ्यांवर तिच्याकडून वेगळा सराव करून घ्यावा का?

उत्तर (प्राथमिक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा)

सावकाश पण बरोबर सोडवणारे मूल ही चांगली सुरुवात आहे, तेव्हा आत्ताच घाई करू नये. 40 आकृत्यांसाठी साधारण एक तास धरलेला असतो, म्हणजे एका प्रश्नाला दीड मिनिट मिळते. सराव वाढला की हा वेळ पुरतो. अडलेला प्रश्न सोडून पुढे जाण्याची सवय लावावी. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, म्हणून शेवटी एकही वर्तुळ रिकामे ठेवू नये. उत्तरपत्रिकेत वर्तुळे निळ्या किंवा काळ्या बॉलपेननेच रंगवायची असतात आणि एकदा रंगवलेले उत्तर बदलता येत नाही; त्यामुळे घरच्या सरावातही पेन्सिल व खोडरबर दूर ठेवावे.

भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न असतात. शिष्यवृत्तीचा सराव इथे चांगला उपयोगी पडतो. उत्तर स्वतःच्या माहितीवरून न देता उताऱ्यातील कोणत्या ओळीवरून दिले, ती ओळ तिला बोटाने दाखवायला सांगावे.

पूर्वी ही परीक्षा आपल्याकडे जानेवारीत होत असे, परंतु 2026-27 च्या प्रवेशासाठीची परीक्षा 13 डिसेंबर 2025 रोजी झाली. म्हणून दिवाळीपर्यंत सर्व घटक संपवून पुढचे आठवडे पूर्ण प्रश्नपत्रिकांसाठी मोकळे ठेवावेत. ऑनलाइन अर्ज भरताना परीक्षेचे माध्यम मराठी निवडले आहे ना, हे तुम्ही स्वतः पाहावे, आणि मुख्याध्यापकांच्या सहीच्या प्रमाणपत्रावर तिसरी ते पाचवीच्या शाळांची नोंद ग्रामीण म्हणूनच झाली असल्याची खात्री करून घ्यावी.