‘परीक्षेला बसलेले विद्यार्थी’ इंग्रजीत कसे लिहायचे?

प्रश्न: मी परळला एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. आमच्या एका सूचनेत ‘द स्टुडंट्स अपिअर्ड फॉर द एक्झाम आर रिक्वेस्टेड टू कलेक्ट देअर मार्कशीट्स’ असं वाक्य होतं. नव्या मॅडमनी ‘अपिअर्ड’खाली लाल रेघ मारली. ‘द स्टुडंट्स सिलेक्टेड फॉर द कॅम्प’ चालतं, तर ‘अपिअर्ड फॉर द एक्झाम’ का चालू नये? रचना तर तीच आहे ना?

उत्तर: ताई, मॅडमची रेघ योग्य जागी पडली आहे. पण तुमचा प्रश्नही अगदी रास्त आहे, कारण हे वाक्य मराठी माणसाला सहज सुचतं. मंत्रालयापासून सोसायटीच्या फळ्यापर्यंत ते सगळीकडे दिसतं. त्याचं मूळ आपल्या ‘-लेला’त आहे.

मराठीतलं ‘-लेला’ फार उदार आहे. ‘भरलेला’ हा एकच शब्द घ्या. ‘उमेदवाराने भरलेला फॉर्म’ म्हणताना तो फॉर्मला लागतो. ‘फॉर्म भरलेला उमेदवार’ म्हणताना तोच शब्द भरणाऱ्याला लागतो. म्हणजे ज्याच्यावर क्रिया झाली त्याचं विशेषण आणि ज्याने क्रिया केली त्याचंही विशेषण, दोन्ही एकाच रूपात. ‘पाहिलेलं नाटक’ आणि ‘नाटक पाहिलेले प्रेक्षक’, दोन्ही बिनतक्रार चालतात. अकर्मक क्रियापदांनाही मज्जाव नाही: बसलेले, चढलेले, आलेले, जेवलेले.

इंग्रजीचं पास्ट पार्टिसिपल (‘सिलेक्टेड’सारखं क्रियापदापासून झालेलं विशेषण) असं नाही. नामाच्या नंतर येऊन ते त्या नामाचं वर्णन करतं तेव्हा ते बहुतेक वेळा कर्मणी अर्थाचं असतं. ज्याच्यावर क्रिया झाली त्यालाच ते लागतं. विद्यार्थ्यांना कोणीतरी शिबिरासाठी निवडलं, म्हणून ‘सिलेक्टेड फॉर द कॅम्प’ बरोबर. परीक्षेला मात्र विद्यार्थी स्वतः बसले, त्यांना कोणी ‘अपिअर’ केलं नाही. ‘पॅसेंजर्स बोर्डेड ॲट ठाणे’ (ठाण्याला चढलेले प्रवासी) आणि ‘मेंबर्स अटेंडेड द मीटिंग’ (सभेला हजर असलेले सभासद) इथेही हेच होतं. सुटी वाक्यं म्हणून ती ठीक आहेत, ‘प्रवासी ठाण्याला चढले’ एवढंच ती सांगतात. ‘चढलेले प्रवासी’ असं वर्णन म्हणून चालत नाहीत.

तुम्हाला टेबलावर बसल्या बसल्या करता येईल अशी एक परीक्षा सांगतो. मराठी वाक्यात ‘गेलेला’ घालून बघा. ‘शिबिरासाठी निवडले गेलेले विद्यार्थी’ वाक्य उभं राहतं. ‘परीक्षेला बसले गेलेले विद्यार्थी’ कोसळतं. ‘उमेदवाराने भरला गेलेला फॉर्म’ कानाला जड वाटेल, पण अर्थ लागतो. ‘फॉर्म भरले गेलेले उमेदवार’ म्हणजे काय ते कोणालाच सांगता येणार नाही. जिथे ‘गेलेला’ बसत नाही तिथे इंग्रजीत ‘हू’ घाला: ‘स्टुडंट्स हू अपिअर्ड फॉर द एक्झाम’. परीक्षा व्हायची असेल किंवा चालू असेल तर ‘स्टुडंट्स अपिअरिंग फॉर द एक्झाम’ लिहा. ठाण्याला ‘बोर्डिंग’.

या कसोटीतून थोडी अकर्मक क्रियापदं निसटतात. ज्यांत कर्त्याची अवस्थाच कायमची पालटते ती इंग्रजीलाही चालतात. ‘ॲन ऑफिसर रिटायर्ड फ्रॉम सर्व्हिस’, ‘लीव्ह्ज फॉलन फ्रॉम द ट्री’, ‘अ प्रिझनर एस्केप्ड फ्रॉम जेल’. निवृत्त झालेला, गळून पडलेलं, निसटलेला. परीक्षेला बसल्याने माणसाची अवस्था तशी पालटत नाही.

यात शुद्धलेखनाच्या हट्टापेक्षा मोठं कारण आहे. इंग्रजीत साधा भूतकाळ आणि पार्टिसिपल बऱ्याचदा एकाच ‘-एड’ने होतात. तुमची सूचना वाचणारा ‘द स्टुडंट्स अपिअर्ड फॉर द एक्झाम’पर्यंत येतो, वाक्य संपलं असं समजतो, आणि पुढे ‘आर रिक्वेस्टेड’ आलं की मागे वळतो. हे नीट लिहिलेल्या वाक्यातही घडू शकतं. अमेरिकन मानसभाषाशास्त्रज्ञ थॉमस बीव्हर यांनी १९७० साली याचं एक उदाहरण दिलं, ते आजही अभ्यासात घेतात: ‘द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल’. कोठारावरून पळवलेला घोडा पडला. इंग्रजी मातृभाषा असलेलेही ‘फेल’पाशी अडखळतात. मराठीत ‘पळवला’ आणि ‘पळवलेला’ वेगळे दिसतात, म्हणून ही ठेच लागत नाही. आपल्या भाषेची ही मोठी सोय आहे, तिची जाण हवी.

प्रश्न: ‘गेलेला’ची युक्ती छान आहे, लगेच वापरली. पण आता पार्टिसिपलच्या नंतरचं प्रिपोझिशन कोणतं घ्यायचं? आणि आमच्याकडे रोज ‘कन्सर्न्ड डिपार्टमेंट’ लिहितात, त्याचं काय?

उत्तर: ‘कन्सर्न्ड’पासून सुरुवात करतो, कारण त्यात जागा आणि प्रिपोझिशन दोन्ही येतात. आपण ‘संबंधित विभाग’ म्हणतो, विशेषण आधी. म्हणून ‘कन्सर्न्ड ऑफिसर’. भारतीय कचेऱ्यांत हे इतकं रुळलं आहे की इथे कोणी चुकीचं समजणार नाही. पण पत्र परदेशी विद्यापीठाला जाणार असेल तर ‘द ऑफिसर कन्सर्न्ड’ लिहा. नामाच्या आधी आलेल्या ‘कन्सर्न्ड’चा तिकडे ‘चिंतातुर’ असा अर्थ होतो. नंतर प्रिपोझिशन आलं की तोच भेद राहतो: ‘कन्सर्न्ड विथ’ म्हणजे संबंधित, ‘कन्सर्न्ड अबाउट’ म्हणजे काळजीत.

ढोबळ वाट अशी. क्रिया कोणी केली ते सांगायचं असेल तर ‘बाय’: ‘साइन्ड बाय द प्रिन्सिपल’. पार्टिसिपल निव्वळ अवस्था सांगणारं विशेषण झालं असेल, म्हणजे त्याच्याआधी ‘व्हेरी’ लागत असेल, तर बहुधा दुसरंच प्रिपोझिशन येतं: ‘व्हेरी इंटरेस्टेड इन’. ते पाठच करावं लागतं. कधी मराठी मदतीला येते: लाकडाचं टेबल ‘मेड ऑफ’, दुधापासून केलेलं दही ‘मेड फ्रॉम’. पदार्थ ओळखू येतो तिथे ‘चं’, पालटून गेला तिथे ‘पासून’. कधी मराठीच घात करते. आपण एखाद्या‘शी’ लग्न करतो, म्हणून ‘मॅरीड विथ’ लिहितो, पण हवं ‘मॅरीड टू’. ‘मॅरीड विथ टू चिल्ड्रन’ मात्र बरोबर आहे, त्याचा अर्थ विवाहित, दोन मुलं. ‘मॅरीड बाय द रजिस्ट्रार’ म्हणजे लग्न रजिस्ट्रारनी लावलं.

प्रिपोझिशन नेमकं कोणाला जोडलं आहे हेही बघावं. गेटवेच्या माथ्यावरचा लेख आठवा: ‘इरेक्टेड टू कमेमोरेट द लँडिंग इन इंडिया ऑफ...’, पुढे राजा पाचवा जॉर्ज आणि राणी मेरी यांची नावं, आणि शेवटी ‘ऑन द सेकंड ऑफ डिसेंबर’, साल रोमन अंकांत १९११. घाईत वाचणाऱ्याला ती तारीख ‘इरेक्टेड’ची वाटते. ती ‘लँडिंग’ची आहे. पायाभरणी १९१३ साली झाली आणि वास्तू खुली झाली ४ डिसेंबर १९२४ रोजी. मराठीत ‘२ डिसेंबर १९११ रोजी झालेल्या आगमनाच्या स्मरणार्थ उभारलेली’ म्हटलं की तारीख ‘झालेल्या’ला बांधली जाते, शंका उरत नाही. म्हणून सूचनेत तारीख शेवटी लोंबकळत ठेवू नका, ती ज्या क्रियेची असेल तिला चिकटवा.

नामाच्या आधी अख्खा तुकडा आणायचा असेल तर इंग्रजी प्रिपोझिशन गाळते आणि जोडरेघ देते: ‘सोक्ड बाय रेन’चं ‘रेन-सोक्ड’. हा आपला तत्पुरुष समास आहे. जलाने वेष्टित ते जलवेष्टित, हस्ताने लिखित ते हस्तलिखित. तिथे विभक्ती लोपते, इथे प्रिपोझिशन. ‘हँडरिटन’ तर शब्दाला शब्द हस्तलिखितच आहे.

प्रश्न: मग ‘चर्चगेट-बाउंड’ गाडी कशाने बांधलेली?

उत्तर: कशानेच नाही! ‘बाउंड बाय रूल्स’मधलं ‘बाउंड’ बांधण्याचं, ‘बाइंड’चं पार्टिसिपल आहे. ‘बाउंड फॉर चर्चगेट’मधलं वेगळं आहे. ते जुन्या नॉर्स या स्कँडिनेव्हियातल्या भाषेतल्या ‘बूइन’वरून आलं, अर्थ सज्ज झालेला, निघायला तयार. गंमत म्हणजे तेही पार्टिसिपलच होतं, फक्त दुसऱ्या क्रियापदाचं. शेवटचा ‘ड’ नंतर चिकटला, आणि त्याला ‘बाइंड’च्या ‘बाउंड’चा हातभार लागला. आज दोन्ही एकसारखे दिसतात. ‘बाय’ आलं की बांधलेला, ‘फॉर’ आलं की निघालेला.