मदत हवी आहे: उंच इमारती मागे कलंडतात

छंद म्हणून फोटो काढतो. लेन्स कॅमेऱ्यासोबत आलेलीच, १८-५५ मिमी झूम. सूर्यास्तानंतर आकाश गर्द निळं असताना शहराची स्कायलाइन टिपतोय: ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८, शटर ८ सेकंद. आकाश झकास येतं, पण दिवे लागलेल्या खिडक्या पांढऱ्याफटक. ब्रॅकेटिंग करून (कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो काढून) जोडू, की अंडर एक्स्पोज करून (मुद्दाम काळोखा फोटो काढून) रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून, सावल्या उजळू?

खरं दुखणं वेगळंच. कॅमेरा जरा वर केला की इमारती मागे कलंडतात. सॉफ्टवेअरमध्ये सरळ केल्या की कडा कापल्या जातात. परवा तर घुमटाचा शेंडाच उडाला! कॅमेरा समतल ठेवला तर अर्ध्या फोटोत नुसता रस्ता. टिल्ट-शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता भिंग वर सरकवून इमारती सरळ ठेवणारी) खिशाला झेपणारी नाही. लांब किंवा उंचावर जाण्याखेरीज काही युक्ती आहे का?