शब्दचर्चा: या प्रतीची प्रत कोणती?

प्रश्न

घरातला जुन्या कॉमिकचा साठा लावायला काढला आहे. सोबत एक वही ठेवून प्रत्येकाची अवस्था लिहायची आहे, आणि वही मराठीतच हवी. ‘ग्रेडिंग’ला प्रतवारी म्हणायला गेलं की ‘या प्रतीची प्रत बरी आहे’ असलं वाक्य तयार होतं. सॉर्टिंगला वर्गीकरण म्हणावं, छाटणी की निवड? आणि मिंट, फाइन, गुड या अवस्थेच्या इंग्रजी श्रेण्यांचं काय करायचं?

प्रतिसाद

प्रतवारीच म्हणा. धान्याची होते, कापसाची होते, मग कॉमिकने काय घोडं मारलंय? घोटाळा ‘प्रत’च्या दोन अर्थांचा आहे. तो टाळायला मालिकेतल्या क्रमांकाला ‘अंक’ म्हणा आणि हातात धरलेल्या वस्तूला ‘प्रत’. एकाच अंकाच्या दोन प्रती निघाल्या की हा भेद लगेच उपयोगी पडतो. अवस्थेच्या रकान्याला ‘दर्जा’ म्हणावं, म्हणजे भांडण मिटलं.

प्रतिसाद

‘दर्जा’ला माझा विरोध. ‘कॉमिकचा दर्जा घसरला’ म्हटलं की चित्रं किंवा कथा घसरली असं कोणीही समजेल. भिकार कथेचा अंकही करकरीत असू शकतो! रकान्याला सरळ ‘अवस्था’ म्हणा. काम प्रतवारीचं, नोंद अवस्थेची.

सॉर्टिंगबद्दल: ‘छाटणी’ नको, तिच्यात काहीतरी टाकून देणं आहे. ‘निवडणं’ही खडे काढण्याकडे झुकतं. घरात आपण पुस्तकं ‘लावतो’, कपाट ‘लावतो’, तसा साठाही ‘लावायचा’. वहीसाठी वजनदार शब्द हवा असेल तर मालिकांनुसार वेगळं करणं ही वर्गवारी, मग प्रत्येक मालिका अंकानुसार लावायची आणि शेवटी प्रतवारी. ‘क्रमवारी’ मात्र टाळा. खेळाच्या बातम्यांनी तो शब्द पहिला-दुसरा नंबर काढण्यासाठी पळवलाय. क्रम मात्र हाच ठेवा. अंकानुसार लावल्याशिवाय मधले कोणते अंक नाहीत आणि कोणते दुबार आहेत ते दिसत नाही, आणि दुबार प्रती शेजारी ठेवल्याशिवाय डोळ्याला तुलना मिळत नाही.

प्रतिसाद

मिंट, फाइन, गुड यांचं भाषांतर करू नका, फसाल. अमेरिकेत ओव्हरस्ट्रीट यांची किंमत-मार्गदर्शिका १९७० साली निघाली, आणि तिथल्या संग्राहकांत या श्रेण्या रुळल्या. २००० साली सीजीसी ही प्रतवारी करणारी कंपनी सुरू झाली. आज सगळीकडे चालते ती ०.५ ते १० अशी मोजपट्टी. तिच्यावर ‘गुड’ कुठे बसतं बघा: २.० वर! ‘व्हेरी गुड’ ४.०, ‘फाइन’ ६.०, ‘व्हेरी फाइन’ ८.०, ‘निअर मिंट’ ९.४. ‘गुड’च्या खाली फक्त ‘फेअर’ आणि ‘पुअर’. म्हणजे ‘गुड’ला ‘चांगली’ लिहिलंत तर वही वाचणारा वेगळंच चित्र डोळ्यांपुढे आणेल, कारण ‘गुड’ प्रत म्हणजे पानं सगळी जागेवर, पण कणा (पिना मारलेली दुमडीची कड) झिजलेला, कव्हर सुरकुतलेलं, कोपरे गोल झालेले. वाचता येते, मिरवता येत नाही.

आपल्याकडे यासाठी शब्द आहेत, फक्त ते कौतुकाचे नाहीत. वर ‘करकरीत’. त्याखाली ‘कोऱ्यासारखी’: हाताळलेली आहे, पण नीट शोधल्याशिवाय कळत नाही. मग ‘हाताळलेली’, मग ‘वापरलेली’, मग ‘झिजलेली’, मग ‘जीर्ण’. आणि पानंच कमी असतील तर ‘खंडित’. सहा-सात पायऱ्या घरच्या वहीला पुष्कळ झाल्या. ९.२ आणि ९.४ मधला फरक घरी बसून ठरवणाऱ्यांना माझा दुरूनच नमस्कार. आकडा हवाच असेल तर शब्दाशेजारी लिहा, शब्दाऐवजी नको.

प्रतिसाद

‘बरी’ कुठे गेली? मराठीतला सगळ्यात नेमका शब्द गाळलात.

प्रतिसाद

‘बरी’ नेमकी कशी? तब्येत बरी आहे म्हणजे चांगली, आणि जेवण बरं होतं म्हणजे नव्हतं. वहीत सूर कसा लिहिणार?

प्रतिसाद

श्रेणीपेक्षा दोषांची नावं पक्की करा, श्रेणी आपोआप ठरते. प्रत सपाट टेबलावर ठेवा आणि दिवा एका बाजूने, तिरका पाडा. पिनांच्या आसपास कण्याला आडव्या बारीक पांढऱ्या रेघा दिसतील. दरवेळी उघडताना कव्हर तिथे ताणलं जातं, त्याच्या या खुणा. इंग्रजी शब्द न आठवताही ‘कण्यावर ताणरेघा’ असं लिहिता येतं. त्या मोजा. हाताच्या बोटांवर मोजता आल्या तर प्रत वरच्या पायऱ्यांवर राहू शकते.

‘सुरकुती’, ‘चुणी’, ‘दुमड’ आणि ‘घडी’ हे चारही शब्द वेगळे ठेवा. सुरकुती नुसती उमटलेली असते, रंग शाबूत. चुणी दाबली गेल्याने पडते. दुमड कोपऱ्याला असते. घडी म्हणजे अख्खी प्रत मधून मुडपलेली. पूर्वी वर्गणीदारांना अंक उभा दुमडून टपालाने यायचे, त्यांच्यावर ती हमखास सापडते. सुरकुती सोडून बाकी तिघांपैकी कशानेही रंग फुटून पांढरा कागद दिसत असेल तर पुढे ‘रंग फुटलेली’ असं जोडा. प्रत एकदम खाली घसरते ती या दोन शब्दांनी.

स्टेपलरच्या पिनेला ‘टाचणी’ म्हणू नका, ती वेगळी वस्तू. पिन गंजली तर ‘गंज’, कागदावर उतरला तर ‘गंजाचा डाग’: दोन दोष, दोन नोंदी. कागद कुरतडलेला असेल तर ‘कसर’. दमटपणाचे तपकिरी ठिपके वेगळे, बुरशी वेगळी. बुरशी दिसली की ती प्रत आधी बाकीच्यांपासून लांब करा, शब्द नंतर शोधा.

प्रतिसाद

कागदाचा रंग स्वतंत्र रकान्यात घ्या. सीजीसीच्या लेबलवरही पानांचा रंग श्रेणीच्या आकड्यापासून वेगळा लिहिलेला असतो. वृत्तपत्री कागदात लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य राहतं, उजेड आणि हवेने तो पिवळा पडतो आणि आम्ल वाढलं की ठिसूळ होतो. ‘पांढरा, दुधी, पिवळट, तांबूस, तपकिरी’ एवढे रंग पुरेत. ‘ठिसूळ’ हा रंग नाही, त्याला वेगळी खूण. आणि ते तपासायला कोपरा दुमडून बघू नका! प्रत उचलल्यावर टेबलावर कडेचा चुरा पडला का, एवढंच बघा.

प्रश्नकर्ता

‘पान’ म्हणजे नक्की काय धरायचं? एका प्रतीतलं मधलं पान सुटून गेलंय. एक लिहू की चार?

प्रतिसाद

चार पृष्ठं गेली. मधला कागद एकच असतो, दुमडून त्याची दोन पानं होतात आणि दोन्ही बाजू मिळून चार पृष्ठं. बत्तीस पृष्ठांच्या अंकात असे आठ कागद, कव्हर वेगळं. बोलताना आपण पान आणि पृष्ठ सरमिसळ वापरतो, वहीत ‘पृष्ठ’ हाच एक शब्द धरा. ‘सुटलेलं’ आणि ‘गेलेलं’ यातही फरक करा. पिनेतून सुटलेला कागद आत असेल तर प्रत पूर्ण, नसेल तर खंडित. मागच्या पानावरचं कूपन कापलं असेल तर तेही खंडितच, मग कव्हर कितीही करकरीत असो. म्हणून पृष्ठं मोजल्याशिवाय श्रेणी लिहू नका.

प्रतिसाद

चिकटपट्टी ‘दुरुस्ती’त की ‘दोषा’त?

प्रतिसाद

दोषात. दुरुस्ती म्हणजे प्रत नवी दिसावी म्हणून केलेलं काम: कण्यावरच्या पांढऱ्या रेघांना रंग लावणं, फाटलेल्या जागी कागद भरणं. काळ्या कव्हरवर कोणी मार्करने रेघा बुजवल्या असतील तर कव्हरच्या आतल्या बाजूला शाई पाझरलेली दिसते. तसं आढळलं तर ‘रंग लावलेला’ असं स्पष्ट लिहा. सीजीसी अशा प्रतींना जांभळं लेबल देते. ‘जीर्णोद्धार’ हा शब्द कोणी सुचवण्याआधीच हात जोडतो, तो देवळांना राहू द्या.

प्रश्नकर्ता

शेवटचं. प्रतवारी झालेल्या प्रती एकावर एक ठेवल्यात. या ढिगाला गठ्ठा म्हणू की चळत?

प्रतिसाद

गठ्ठा बांधलेला असतो, चळत नाण्यांची शोभते. सपाट वस्तू एकावर एक नीट रचली की ती चवड. पण चवड उंच करू नका, खालच्या प्रतींच्या कण्यावर भार येतो आणि कणा गुंडाळतो. पिशवीत आम्लमुक्त पुठ्ठा घालून प्रती खोक्यात उभ्या लावा, ढिल्या नकोत आणि कोंबलेल्याही नकोत. अवस्थेची चिठ्ठी पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला, पेन्सिलीने.