मालिकेआधीची सूचना म्हणजे मनाचे लाड नव्हेत

जास्वंद:
परवा कुणीतरी लिहिलं होतं की मालिकेआधी 'यात त्रास होईल असं अमुक दृश्य आहे' अशी सूचना मागणारी माणसं म्हणजे मनाचे लाड करून घेणारी, ज्याला झेपत नाही त्याने भक्तिगीतं लावून बसावं. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही म्हणून लिहितेय.

मिर्झापूर ही ओटीटीवरची, म्हणजे इंटरनेटवरच्या ॲपवरची, गुंडांची मालिका मी सगळ्यांच्या मागून पाहिली, २०२२ च्या पावसाळ्यात. पहिल्याच भागात वरातीतला नवरदेव गोळी लागून मरतो, तेव्हा मी जेवत होते आणि जेवण पूर्ण केलं. म्हणजे रक्त बघून घेरी येणाऱ्यातली मी नाही. पण पहिल्या सीझनच्या शेवटी, एका लग्नात, मुन्ना नावाचा गुंड स्वीटी नावाच्या गरोदर बाईला गोळ्या घालतो. त्याच्या चार महिने आधी माझं पाचव्या महिन्यात बाळ गेलं होतं. नवरा आणि नणंद शेजारी बसलेले, माझ्या मांडीवर परात, मी गवार मोडत होते. परात घेऊन आत गेले, नळ सोडला आणि गवार धूत राहिले, धूत राहिले, अर्धी वाहून सिंकच्या जाळीवर जाऊन बसली तरी हात थांबेनात. बाहेरून नणंद ओरडली, वहिनी पाणी वाया चाललंय.

२०२१ च्या नियमांनी ओटीटीवर वयाची वर्गवारी आली, सात, तेरा, सोळा आणि प्रौढांसाठी, शिवाय आत काय आहे ते सुरुवातीलाच ठळक सांगायचं. ते येतं काय तर कोपऱ्यात "हिंसा, शिवीगाळ". थोबाडीत मारली तरी हिंसा आणि पोटुशी बाई मारली तरी हिंसा. मला एवढंच हवं होतं की या भागात गरोदर बाईवर हल्ला आहे हे एका ओळीत आधी कळावं. सीन कापा असं मी कुठेही म्हणत नाहीये.

जुना_खडक:
ताई, तुमच्यावर जे गुदरलं त्याचं वाईट वाटलं, मनापासून. पण मुद्दा पटला नाही. ती ओळ टाकली की शेवट फुटला. लेखकाने नऊ भाग खपून जो धक्का बांधला तो तुम्ही एका पाटीवर लिहून टाकणार. आणि सुरुवात केली की थांबणार कुठे? कुणाचा मुलगा बुडाला, कुणाचं घर जळालं, कुणाला कुत्रा चावला. प्रत्येकासाठी एक ओळ लिहायची तर मालिकेच्या आधी सातबारा वाचायला लागेल. मालिकेचं नाव मिर्झापूर, पोस्टरवर बंदुका. आणखी काय सांगायचं राहिलं?

रानवाटा:
+१ जास्वंद. शेवट फुटतो हे कारण मला कधीच पटलेलं नाही. ज्याला नको त्याने ती ओळ उघडू नये, बटणाच्या मागे ठेवा. 'डझ द डॉग डाय' नावाची साइटच आहे, तिथे लोक स्वतः नोंदवून ठेवतात की अमुक सिनेमात कुत्रा मरतो का, मुलाला इजा होते का. प्रेक्षक फुकटात करतात ते कंपन्यांना का जमू नये?

पाटी_पेन्सिल:
मी मानसशास्त्राला आहे म्हणून सांगते, राग मानू नका. २०२३ मध्ये बारा अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलंय. अशा सूचनांनी त्रास कमी होत नाही असं त्यात दिसलं, उलट दृश्य येईपर्यंतची धास्ती वाढते. आणि सूचना वाचूनही लोक फारसे टाळत नाहीत, बघतातच. सूचना असणं छान वाटतं हे खरं, पण औषध म्हणून ती चालत नाही.

जास्वंद:
@पाटी_पेन्सिल मी औषध मागितलं नव्हतं गं. मी दार मागितलं होतं. मी बाहेर गेलेच की, फक्त उशिरा गेले. तुझ्या बारा अभ्यासांत चार महिन्यांपूर्वी दवाखान्यातून रिकाम्या हाताने आलेल्या किती बायका होत्या ते सांग आधी.

पाटी_पेन्सिल:
ते मला सांगता येणार नाही. पण एकेकीच्या अनुभवावरून नियम बनवायला लागलो तर अभ्यास करायचाच कशाला?

सोलापुरी_चादर:
सूचनांचं मला सांगू नका. १ सप्टेंबर २०२३ पासून ओटीटीवर पण तंबाखूची पाटी आली, कुणी बिडी शिलगावली की खाली अक्षरं, शिवाय आधी आणि मध्ये तीस तीस सेकंदांची जाहिरात. थेटरात तर २०१२ पासून आहे. समोर बाईवर अत्याचार चाललाय आणि खाली काय लिहिलंय, तर धूम्रपान आरोग्यास हानिकारक!! बाईचं काय ते लिहायला जागा नाही. २०१३ ला अमेरिकन दिग्दर्शक वुडी ॲलनने याच पाट्यांपायी आपला सिनेमा भारतात लावूच दिला नाही, मी तर म्हणतो बरोबर केलं त्याने.

रानवाटा:
बरोबर कसं? माझे बाबा गुटख्याने गेले. शेवटचे दोन महिने तोंड उघडत नव्हतं, चमच्याने पेज घालायचो आणि अर्धी गळ्यावरून ओघळायची. ती जाहिरात बघून माझ्या भावाने पुडी सोडली. एका माणसाची सुटली तरी मला पुरे.

सोलापुरी_चादर:
बाबांचं ऐकून वाईट वाटलं. पण आमच्या गल्लीत तीच जाहिरात बघून मध्यंतरात लगेच बाहेर टपरीवर जाणारी पोरं मी रोज बघतो. पाटीचं वॉलपेपर झालंय, कुणी वाचत नाही. उद्या जास्वंदताईंच्या ओळीचं तेच होणार.

रानवाटा:
तुमच्या गल्लीवरून अख्खा महाराष्ट्र ठरवू नका. आणि माझ्या बाबांचा विषय "पण" म्हणून बाजूला सारू नका, फार लागतं ते.

सोलापुरी_चादर:
मी बाजूला सारलं नाही हो. माझाही मामा त्यातच गेला. म्हणूनच त्या पाटीचा राग येतो, पाटी लावली की आपलं काम झालं असं सगळ्यांना वाटतं आणि शाळेच्या फाटकाबाहेर पुड्यांच्या माळा तशाच लटकतात. तिथे कोण येतं बघायला?

रानवाटा:
माळांबद्दल शंभर टक्के सहमत. पाटीबद्दल नाही.

पाटी_पेन्सिल:
मूळ विषयावर येऊ या का? '१३ रीझन्स व्हाय' या अमेरिकन मालिकेला सूचना होत्या, २०१७ मध्ये टीका झाल्यावर आणखी घातल्या, तरी २०१९ ला आत्महत्येचा तो सीन कापावाच लागला. म्हणजे सूचना आहे म्हणून काहीही दाखवायला मोकळीक मिळते, हा माझा खरा आक्षेप. 'दिल्ली क्राइम' मालिकेचा पहिला सीझन बघा, दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेवर आहे, पण तो अत्याचार पडद्यावर दाखवलेलाच नाही. काही दाखवलं नाही तरी घशाशी येतं. न दाखवण्यातही ताकद असते.

जास्वंद:
हे मात्र पटलं. हे तू आधी लिहायला हवं होतंस.

जुना_खडक:
एक सांगतो, कुठे बोलत नाही सहसा. माझा धाकटा भाऊ १९९४ साली रूळ ओलांडताना लोकलखाली गेला. डबा हातात होता, डबा शाबूत मिळाला, झाकणसुद्धा उघडलं नव्हतं. आईने तो पुढे कितीतरी वर्षं घासून फडताळात ठेवला, वापरला कधी नाही. आता मुंबईवर काही बनवायचं म्हटलं की लोकल आलीच, मी मान वळवतो, गाडी गेली की परत बघतो. मला कुणी सूचना दिली नाही आणि मला ती नको आहे. दर वेळी आधी पाटी आली की "गाडीखाली मृत्यू", तर मी ती मालिका बघण्याआधीच त्या दिवसात जाऊन उभा राहीन. तुम्हाला जे दार वाटतं ते मला तिकडेच ढकलतं. आणि मुन्ना तरी बंदूक घेऊनच लग्नात शिरतो, काय होणार ते दिसतंच की.

जास्वंद:
काका, डब्याचं वाचून हात थांबला. तुम्हाला नको असेल तर ती ओळ तुमच्यासमोर येऊच नये, रानवाटा म्हणते तशी बटणाच्या मागे असावी.

पण एक बघा. बंदूक तर त्या मालिकेत पहिल्या भागापासून सगळ्यांच्या हातात आहे, त्यावरून मी काय ओळखणार होते? तुम्ही मान वळवू शकता, कारण गाडीचा भोंगा आधी ऐकू येतो. मला भोंगा ऐकू आला नाही. मी तेवढाच मागतेय.

जुना_खडक:
भोंग्याचं मान्य. बटणामागे असेल तरच. बाकी तुमच्या एकाही मुद्द्याशी मी सहमत नाही, शेवट फुटतो तो फुटतोच. तंबाखूवाल्यांनी कृपया वेगळा धागा काढावा.

सोलापुरी_चादर:
काढतो. रानवाटा, तुम्ही पण या तिकडे, माळांचं काय करायचं ते बोलू.