कृष्णवर्णीय बाहुल्यांची प्रदर्शने: मुलींना बळ देणारी, की पुन्हा रूपातच अडकवणारी?

रानजाई (चर्चाप्रस्ताव)

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये सँड्रा एप्स यांनी सुरू केलेला 'डेट्रॉइट डॉल शो' किंवा फिलाडेल्फियात बार्बरा व्हाइटमन यांनी 1988 मध्ये स्थापन केलेले बाहुली-संग्रहालय यांच्याविषयी मराठीत फारसे लिहिले जात नाही, म्हणून हा विषय मांडते. अशा प्रदर्शनांत कापडाच्या, लाकडाच्या, चिनी मातीच्या, व्हिनाइलच्या कृष्णवर्णीय बाहुल्या मांडलेल्या असतात, त्या घडवणाऱ्या स्त्रिया पुष्कळदा स्वतः टेबलामागे बसलेल्या असतात आणि समोर उभ्या असलेल्या मुलीला हवे ते विचारता येते.

माझे मत असे, की मोठ्या कंपन्यांनी बाजारात आणलेल्या कृष्णवर्णीय बाहुल्यांपेक्षा समाजाने स्वतः भरवलेल्या या प्रदर्शनांचे मोल अधिक आहे, कारण बाहुलीचा चेहरा कसा असावा हे तिथे तो समाज स्वतः ठरवतो. ही धडपड शंभर वर्षांहून जुनी आहे. गुलामगिरीत जन्मलेले रिचर्ड हेन्री बॉइड यांना आपल्या मुलांसाठी विद्रूप व्यंगचित्रासारखी नसलेली बाहुली मिळेना, तेव्हा त्यांनी जर्मनीतून बाहुल्या मागवल्या आणि 1911 मध्ये नॅशव्हिलला 'नॅशनल निग्रो डॉल कंपनी' उभी केली. पुढे कृष्णवर्णीयांचे पुढारी मार्कस गार्वी यांच्या संघटनेनेही न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात बाहुल्यांचा कारखाना चालवला. 1965 मध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात कृष्णवर्णीयांच्या संतापाचा उद्रेक झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी त्याच शहराच्या दक्षिण भागात लू स्मिथ आणि रॉबर्ट हॉल यांनी 'शिंदाना टॉइज' सुरू केली. तिथे वस्तीतल्याच लोकांना काम मिळाले आणि 'बेबी नॅन्सी' ही त्यांची पहिली बाहुली त्याच वर्षी बाजारात आली. 1983 मध्ये कंपनी बंद पडली; 2020 मध्ये बेबी नॅन्सीला अमेरिकेच्या राष्ट्रीय खेळणी सन्मानदालनात स्थान मिळाले. हा सारा इतिहास मुलींना शाळेत कोण सांगणार?

दक्षिणायन

रानजाई, इतिहास आपण उत्तम मांडला आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही. या विषयाचे मूळ केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याच्या प्रयोगात आहे. त्यांनी तीन ते सात वर्षांच्या 253 कृष्णवर्णीय मुलांपुढे रंग आणि केस सोडून सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि कोणती आवडते, कोणती वाईट दिसते, कोणती तुझ्यासारखी आहे असे प्रश्न विचारले. 67 टक्के मुलांनी खेळायला गोरी बाहुली मागितली, 59 टक्के मुलांनी तपकिरी बाहुली 'वाईट दिसते' असे सांगितले. 1954 च्या 'ब्राऊन' खटल्यात शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवताना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तळटीपेत केनेथ क्लार्क यांच्या लेखनाचा आधार घेतला, इथपर्यंत सर्वांना ठाऊक असते. पण त्याच अभ्यासात उत्तरेकडील, गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र शिकत अशा मिश्र शाळांतल्या 71 टक्के मुलांनी तपकिरी बाहुलीला वाईट म्हटले, तर दक्षिणेकडील विभक्त शाळांतल्या 49 टक्के मुलांनी. याचा अर्थ रोग बाहुलीत नव्हता, भोवतालच्या समाजात होता, आणि समाजातला रोग बाहुली बदलून बरा होत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. मुलीला बळ द्यायचे म्हणून आपण तिला पुन्हा चेहरा, केस, कपडे यांपाशीच नेतो. 'तूही सुंदर आहेस' हे वाक्य कितीही प्रेमाने उच्चारले, तरी मुलीचे मोल सौंदर्यात आहे हे गृहीतक त्यात शाबूतच राहते. हेच श्रम आणि हाच पैसा गणिताच्या शिकवणीवर, वाचनालयावर किंवा मैदानावर का खर्च होऊ नये?

कृष्णाकाठ

दक्षिणायन यांनी दिलेले आकडे बरोबर आहेत, परंतु ते त्यांच्याच मताच्या विरोधात जातात. उत्तरेतली मुले गोऱ्या मुलांच्या शेजारी बसत होती, पण आपल्या रंगाविषयी चांगले बोलणारे त्या वर्गात फारसे कोणी नसावे. 'तुझ्यासारखी बाहुली दे' असे म्हटल्यावर काही मुले रडू लागली, अशी नोंद क्लार्क दांपत्याने केली आहे. अशा मुलाला नुसता शेजार पुरत नाही. आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांनी भरलेली, आनंदाने गजबजलेली एखादी जागाही लागते, आणि ही प्रदर्शने नेमकी तशी जागा आहेत.

बाहुली म्हणजे निव्वळ रूप, हेही मला मान्य नाही. जॅकी ऑर्म्स या कृष्णवर्णीय व्यंगचित्रकार स्त्रीने 'पिट्सबर्ग कुरिअर' या वृत्तपत्रासाठी पॅटी-जो नावाची चिमुरडी रेखाटली, जी वर्णभेदावर आणि राजकारणावर मोठ्यांना निरुत्तर करणारे बोलत असे. 1947 मध्ये तिची बाहुली निघाली. जी मुलगी वर्तमानपत्रात सडेतोड बोलताना दिसे, तीच आता घरी हातात घेऊन खेळता येऊ लागली, आणि तिच्याशी खेळताना वाचकांच्या मुलींनी केवळ केसच विंचरले असतील असे मला वाटत नाही.

चेहऱ्याचा प्रश्नही क्षुल्लक नाही. बार्बी बनवणाऱ्या मॅटेल कंपनीने 1967 मध्ये फ्रान्सी या बाहुलीची कृष्णवर्णीय आवृत्ती काढली, पण साचा गोऱ्या बाहुलीचाच होता, फक्त रंग गडद केला होता. कृष्णवर्णीय बाहुलीला 'बार्बी' हे नाव मिळायला 1980 साल उजाडावे लागले आणि ती घडवणारी किटी ब्लॅक पर्किन्स ही स्वतः कृष्णवर्णीय होती. बनवणारा हात कोणाचा आहे, याने फरक पडतो. तो हात मुलींना प्रत्यक्ष पाहता येतो, म्हणून मी प्रदर्शनांच्या बाजूने आहे. गणिताची शिकवणी त्यासोबत अवश्य व्हावी.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटजवळच्या उपनगरात राहते. आमच्या मराठी घरांत सावळ्या मुलीला अजूनही डाळीचे पीठ आणि हळद लावण्याचे सल्ले मिळतात, त्यामुळे आपल्या मुलींनाही अशा प्रदर्शनांना अवश्य न्यावे, असे मला मनापासून वाटते. आपली मंडळे असा उपक्रम का करत नाहीत?

रानजाई

मिशिगनकर, जरूर न्या, पण तिथे आपण पाहुणे आहोत एवढे लक्षात असू द्या. गुलामगिरी आणि वर्णविभाजन सोसलेल्या समाजाने आपल्या लेकींसाठी ही जागा उभी केली आहे. आपल्या घरातला गोरेपणाचा हव्यास हा खरा प्रश्न आहे, पण तो आपणच निस्तरायचा आहे आणि त्यासाठी त्यांच्या दुःखाची उसनवारी करू नये.

दक्षिणायन

कृष्णाकाठ यांचा बनवणाऱ्या हाताचा मुद्दा वजनदार आहे, हे मान्य करतो. तरीही एका गोष्टीचे उत्तर मला मिळालेले नाही. जुन्या कृष्णवर्णीय बाहुल्यांच्या संग्रहांत 'मॅमी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, डोक्याला फडके बांधलेल्या मोलकरणीच्या बाहुल्याही असतात, आणि संग्राहक त्या खरेदीही करतात. सात-आठ वर्षांच्या मुलीने नव्या, डौलदार बाहुल्यांच्या शेजारी त्या पाहाव्यात काय? अपमानाचा दस्तऐवज आणि विक्रीचा माल एकाच छताखाली असणे मला अयोग्य वाटते, आणि समाजाने स्वतः भरवलेले प्रदर्शन आहे एवढ्याने ते योग्य ठरत नाही.

कृष्णाकाठ

विक्रीबाबत मी आपल्याशी सहमत आहे, दाखवण्याबाबत नाही. न्यूयॉर्कच्या हिस्टॉरिकल सोसायटीने 2022 मध्ये डेबोरा नेफ यांच्या संग्रहातील हातांनी शिवलेल्या जुन्या कृष्णवर्णीय बाहुल्या मांडल्या होत्या. त्यांतील पुष्कळ बाहुल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी स्वतःच्या मुलांसाठी किंवा ज्यांना त्या सांभाळत त्या गोऱ्या मुलांसाठी केल्या होत्या, आणि बहुतेकींच्या कर्त्यांची नावे हरवलेली आहेत. म्हणजे फडके बांधलेली प्रत्येक बाहुली टवाळीच असते असे नाही. एखादी एखाद्या आईने आपलाच चेहरा आठवून शिवलेली असू शकते. हा भेद मुलीने जाणत्या माणसाच्या सोबतीने पाहावा, वेगळ्या दालनात आणि माहितीच्या फलकासह. टवाळीसाठी कारखान्यात बनलेल्या बाहुल्या विक्रीच्या टेबलावर असू नयेत, एवढा नियम आयोजकांनी जरूर करावा.

दक्षिणायन

असा नियम झाला, तर माझा हा आक्षेप मी मागे घेईन. रूपाविषयीचा आक्षेप मात्र कायम आहे: पॅटी-जोसारखी बोलणारी बाहुली एखादीच, आणि झगे घातलेल्या शेकडो.