सेंट्रोसोमची जोडी बांधतं कोण आणि सोडतं कोण?

धांडा२७ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. एमएस्सी प्राणिशास्त्राच्या सेमिनारसाठी विषय घेतलाय: पेशीचक्रात सेंट्रोसोम (पेशीतलं मायक्रोट्यूब्यूलचं केंद्र) एकत्र धरणारी प्रथिनं. वाचताना एका जागी अडलंय. एकीकडे लिहिलंय की सेंट्रिओल (सेंट्रोसोमच्या गाभ्यातली नळकांडी) एकमेकांना धरणारं बंधन ॲनाफेजच्या सुमारास सेपरेज हे प्रथिनं कापणारं एन्झाइम तोडतं. दुसरीकडे तेच श्रेय नेक-२ए या फॉस्फेट लावणाऱ्या एन्झाइमला दिलंय, आणि तेही मायटोसिस लागायच्या आधी. दोन्ही खरं कसं काय? शिवाय सी-नॅप-१ आणि रूटलेटिन या बांधणाऱ्या प्रथिनांत खुंटा कोणता अन् दावं कोणतं, हेही नीट कळत नाही.

दुसरा प्रश्न प्रात्यक्षिकाचा. कॉलेज तालुक्याच्या गावचं. साधा कंपाउंड मायक्रोस्कोप, १०० चं ऑइल ऑब्जेक्टिव्ह आणि ॲसिटोकार्मिन, एवढं आहे. बीएस्सीच्या मुलांना कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर सेंट्रोसोम दाखवता येतील का? नसतील तर एखादं मॉडेल सुचवा जी.

पेळू

दोन्ही खरं आहे, कारण बंधनं दोन आहेत. सेमिनारमध्ये घोळ होतो तो इथेच, म्हणून आधी मोजणी पक्की करा.

जी-१ मधल्या (विभाजनानंतरच्या, डीएनए दुप्पट होण्याआधीच्या) पेशीत सेंट्रोसोम एक, त्यात सेंट्रिओल दोन. प्रत्येक सेंट्रिओल साधारण ५०० नॅनोमीटर लांब आणि २०० ते २५० नॅनोमीटर जाड. मायक्रोट्यूब्यूलच्या नऊ तिकड्या गोल मांडलेल्या. हे दोघं बुडाकडच्या टोकांनी सैल, लवचिक तंतूंनी जोडलेले असतात. हे पहिलं बंधन, लिंकर. एस अवस्थेत (डीएनए दुप्पट होताना) प्रत्येकाच्या बुडाशी, काटकोनात, एकेक नवा सेंट्रिओल उगवतो. पीएलके-४, एसटीआयएल आणि सास-६ ही त्याची मुख्य कारागीर प्रथिनं. नवा सेंट्रिओल आपल्या मातेला घट्ट चिकटून असतो. हे दुसरं बंधन, एंगेजमेंट. म्हणजे जी-२ मध्ये (विभाजनाच्या आधी) सेंट्रिओल चार, सेंट्रोसोम दोन, घट्ट मिठ्या दोन आणि सैल दावं एकच. नेक-२ए ते दावं सोडतं. सेपरेज त्या मिठ्या सोडवायला लागतं. आकृतीत दोन्ही एकाच रेषेने दाखवली की गोंधळ झालाच म्हणून समजा.

आता खुंटा आणि दावं. सी-नॅप-१ हा खुंटा. जनुकाचं नाव सेप-२५०, प्रथिन २,४४२ अमिनो आम्लांचं, जवळजवळ पूर्ण लांबीभर कॉइल्ड-कॉइल, म्हणजे पीळ दिलेल्या दोरीसारखं. ते सेंट्रिओलच्या बुडाला बसतं, आणि तिथे त्याला धरायला सेप-१३५ मदत करतं. एरिख निग यांच्या गटाने ते १९९८ साली नेक-२ चा संभाव्य सब्स्ट्रेट (नेक-२ ज्याला फॉस्फेट लावतं ते प्रथिन) म्हणून दाखवलं. पुढे २००० साली त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी जिवंत पेशीत टोचल्यावर सेंट्रोसोम वेगळे झाले, तेव्हा बांधून ठेवण्याचं काम याचंच हे पक्कं झालं. रूटलेटिन हे दावं. त्याचे तंतू सी-नॅप-१ पासून बाहेर निघतात. सेप-६८ आणि एलआरआरसी-४५ हे तंतू टिकवून धरतात.

मात्र एका खुंट्यापासून दुसऱ्या खुंट्यापर्यंत ताणलेली एकच दोरी, असं चित्र काढू नका. कापसाचे दोन पेळू समोरासमोर धरून त्यांची टोकं एकमेकांत शिरवा, तसं ते दिसतं. दोन्ही बाजूंचे तंतू मधे गुंततात आणि गुंतण्यानेच धरून ठेवतात. म्हणून लिंकर लवचिक असतो, सेंट्रिओल एकमेकांभोवती थोडे हलू शकतात, आणि अंतर प्रत्येक पेशीत सारखं नसतं. सुपर-रिझोल्यूशन मायक्रोस्कोपीत रूटलेटिनच्या तंतूंवर सुमारे ७५ नॅनोमीटरच्या अंतराने ठिपके दिसतात. म्हणजे गुंता असला तरी आतून रचना नेमकी आहे.

सोडायची पद्धत तर फारच सुरेख आहे. नेक-२ए एस आणि जी-२ मध्ये वाढतं, पण त्याच्या शेजारीच फॉस्फेट काढून टाकणारं पीपी-१ बसलेलं असतं. नेकने फॉस्फेट लावायचं अन् पीपी-१ ने पुसायचं, असं चालू राहतं, आणि दावं टिकतं. जी-२ च्या शेवटी ऑरोरा-ए मुळे पीएलके-१ जागं होतं (ही दोन्हीही फॉस्फेट लावणारी एन्झाइमं), ते एमएसटी-२ या प्रथिनाला फॉस्फेट लावतं आणि पीपी-१ ची नेकवरची पकड सुटते. आता लावलेलं फॉस्फेट पुसणारं कोणी नाही. सी-नॅप-१ आणि रूटलेटिन दोघंही फॉस्फेटने भरतात आणि सेंट्रिओलच्या बुडावरून निसटतात. इथे दावं कापलं जात नाही, खुंट्यासकट उपटलं जातं. प्रथिनं पेशीतच राहतात. नंतर प्रोमेटाफेजमध्ये एपीसी/सी (प्रथिनांवर नष्ट करायची खूण लावणारा प्रथिनसंच) कडून नेक-२ए च नष्ट होतं, त्यामुळे मायटोसिस संपता संपता फॉस्फेट उतरलं की नव्या पेशीत लिंकर पुन्हा उभा राहतो.

दावं सुटलं म्हणजे जोडी लांब गेली असं नाही. ढकलायला ईजी-५ हे किनेसिन (मायक्रोट्यूब्यूलवर चालणारं मोटर-प्रथिन) लागतं. त्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन डोकी असतात, ते उलट दिशांच्या मायक्रोट्यूब्यूल धरतं आणि एकमेकींवरून सरकवतं. ईजी-५ बंद केलं की एकध्रुवी स्पिंडल होतं, मधे सेंट्रोसोमची जोडी आणि भोवती क्रोमोसोमचं कडं. १९९९ साली सापडलेलं मोनॅस्ट्रॉल हे रसायन हेच करतं. उलट, नेक-२ए कमी केलं तरी ईजी-५ चा जोर पुष्कळदा दावं तोडून नेतो आणि पेशी विभागते. म्हणून 'नेक-२ए नसेल तर मायटोसिस थांबतो' असं वाक्य सेमिनारमध्ये टाकू नका, परीक्षक लगेच पकडतील.

घट्ट मिठीचं गणित वेगळं. ती सोडवायला आधी पीएलके-१ तयारी करतं आणि मग सेपरेज पेरिसेंट्रिन हे सेंट्रोसोममधलं प्रथिन कापतं. इथे खरोखर कात्री चालते. मिठी असेपर्यंत मातेला दुसरा नवा सेंट्रिओल काढता येत नाही. 'एका फेरीत एकदाच' हा नियम त्या मिठीवर उभा आहे. लिंकर लवकर सुटला तरी हा नियम मोडत नाही, कारण मिठ्या जागच्या जागी असतात. दोन बंधनं वेगळी मानायचं सगळ्यात मोठं कारण माझ्या मते हेच.

ऑइल_इमर्शन

कांद्यात सेंट्रोसोम नसतातच. सपुष्प वनस्पतींत सेंट्रिओल नाहीत. त्यांचा स्पिंडल टोकाला रुंद, पिंपासारखा असतो. नेचे आणि सायकस यांच्या शुक्रपेशींत मात्र सेंट्रिओल नव्याने तयार होतात, कारण तिथे पोहायला शेपट्या लागतात. तेव्हा कांद्याची स्लाइड क्रोमोसोमसाठी ठेवा, आणि मुलांना तीच स्लाइड दाखवून विचारा: ध्रुवावर टोक का दिसत नाही? प्रश्न तिथूनच सुरू होतो.

सोयाबीनच्या शेतातले नाकतोडे आणून टेस्टिसचा स्क्वॅश करायचा विचार मनात येईल. क्रोमोसोम झकास दिसतील, सेंट्रोसोम नाही. ॲसिटोकार्मिन क्रोमॅटिन रंगवतं, सेंट्रोसोमला धरत नाही. आणि भिंगाची मर्यादाही पाहा. १०० चं ऑइल ऑब्जेक्टिव्ह, एनए (भिंगाची प्रकाश गोळा करायची क्षमता) १.२५, हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटर: ०.६१ ला ५५० ने गुणून १.२५ ने भागलं की सुमारे २६८ नॅनोमीटर. सेंट्रिओलची जाडी त्याहून कमी. फार तर एक ठिपका दिसेल, तोही आयर्न हिमॅटॉक्सिलिनने रंगवलं तर. व्हाइटफिश ब्लास्टुलाची तयार स्लाइड मिळाली तर ती घ्या. त्यात ध्रुवाभोवतीचे ॲस्टर (ताऱ्यासारखे पसरलेले तंतू) ४५ च्या भिंगाखालीही स्वच्छ दिसतात.

मॉडेलचं म्हणाल तर खर्च जवळजवळ शून्य. मायक्रोट्यूब्यूलची जाडी २५ नॅनोमीटर. ६ मिलिमीटर जाडीच्या सारख्या तुराट्या निवडा (स्ट्रॉही चालतील), म्हणजे २५ नॅनोमीटरला ६ मिलिमीटर हे प्रमाण ठरलं. ५०० नॅनोमीटरचा सेंट्रिओल मग १२ सेंटिमीटर लांब येतो, व्यास ५ ते ६ सेंटिमीटर. एकाला २७ तुकडे. तीन-तीन चिकटवून नऊ पट्ट्या करा आणि पुठ्ठ्याच्या नळकांड्यावर पवनचक्कीच्या पात्यांसारख्या तिरक्या लावा. कडेने सपाट लावल्या तर ५ सेंटिमीटर व्यासात मावत नाहीत.

दोन पूर्ण सेंट्रिओल करा. दोन नवे त्याच जाडीचे पण आखूड ठेवा, आणि मातेच्या बुडाशी काटकोनात सुतळीने करकचून बांधा. मातांच्या बुडाला टाचणीने एकेक पेळू अडकवून पेळूंची टोकं एकमेकांत गुंतवा. नेक-२ए चं काम दाखवताना कात्री हातात घेऊ नका, फक्त टाचण्या काढा. सेपरेजच्या वेळी सुतळी कात्रीने कापा. पेळूभाऊंनी वर सांगितलेला सगळा फरक दोन हातांत येतो. डिंक किंवा फेव्हिकॉल वापरू नका, सुटणारी गोष्ट सुटलीच पाहिजे.

याच प्रमाणात २ मायक्रोमीटर म्हणजे ४८ सेंटिमीटर, जवळपास एक हात. हा आकडा लक्षात ठेवा, सेंट्रोसोम फाकले का हे ठरवताना शोधनिबंधात तो सारखा भेटेल.

गोठ्यावरून

पशुवैद्यकाच्या बाजूने एक भर घालतो. सी-नॅप-१ बिघडलं तर प्राण्याचं काय होतं, याचं उदाहरण गाईत आहे. फ्रान्समधल्या माँबेलियार्ड जातीत काही वासरं कमी वजनाची जन्मतात, वाढ मागे पडते, डोकं बकरीसारखं निमुळतं, मागच्या पायांचे स्नायू अपुरे, अंगावरचा रंग काही ठिकाणी फिका. २०१५ साली दाखवलं गेलं की सेप-२५० जनुकातल्या एका बदलामुळे प्रथिन अर्धवट राहतं. दोष अप्रभावी आहे. वाहक गाय आणि वाहक वळू यांच्या प्रत्येक वेतात बाधित वासराची शक्यता २५ टक्के, आणि वाहक जनावर दिसायला धडधाकट.

सेमिनारला उपयोगी भाग पुढे आहे. या वासरांच्या पेशींत सेंट्रोसोम फाकलेले असतात, तरी सेंट्रिओलची रचना, दुप्पट होणं, स्पिंडल, सिलियम (पेशीवरचा केसासारखा तंतू) हे सगळं ठीक असतं. बिघडतं ते पेशींचं स्थलांतर. म्हणजे विभाजनाच्या वेळी जे दावं सोडायचंच आहे, ते नसल्याने विभाजन अडत नाही. त्याची किंमत विभाजनांच्या मधल्या काळात, पेशी सरकताना मोजावी लागते.

आपल्याकडच्या गवळाऊत किंवा संकरित गाईत वासरू खुरटलं म्हणून लगेच इकडे बोट दाखवू नका. खुरटण्याला जंत, चीक उशिरा पाजणं, खनिजांची कमतरता अशी रोजची कारणं आधी तपासायची असतात.

धांडा२७

सगळ्यांचे मनापासून आभार. मोजणी आता डोक्यात बसली. एक राहिलं. सी-नॅप-१ चा एसआयआरएनए (ते प्रथिन बनणं रोखणारा छोटा आरएनए) वापरलेल्या प्रयोगांत सगळ्याच पेशींत सेंट्रोसोम फाकत नाहीत, ठरावीक टक्केच फाकलेल्या दाखवतात. असं काहून? आणि 'फाकलं' हे ठरवतात कसं?

कव्हरस्लिप

रूढ मोजमाप २ मायक्रोमीटरचं: गॅमा-ट्यूब्यूलिन या सेंट्रोसोमवरच्या प्रथिनाच्या दोन ठिपक्यांतलं अंतर त्याहून जास्त असेल तर फाकलं म्हणायचं. मोजायला सोपं वाटतं, पण चुका इथेच होतात.

पहिली चूक पेशीचक्राची. प्रोफेजमध्ये सेंट्रोसोम दूर जाणं हे नेहमीचंच, ती पेशी फाकलेल्यांत धरली तर टक्का फुगतो. फॉस्फो-हिस्टोन एच-३ (विभाजनात शिरलेल्या पेशीची खूण) चा रंग सोबत करून अशा पेशी बाजूला काढा. गॅमा-ट्यूब्यूलिन एकटंही पुरत नाही. सोबत सेंट्रिन हे सेंट्रिओलमधलं प्रथिन रंगवा आणि ठिपके मोजा: प्रत्येक बाजूला एकेक असेल तर जी-१ मधली फूट, दोन-दोन असतील तर एस किंवा जी-२ मधली. एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक दिसला तर एखादा ठिपका फोकसबाहेर राहिलाय का ते आधी पाहा.

दुसरी चूक खोलीची. एक ठिपका वर आणि एक खाली असेल तर चपट्या प्रतिमेत ते शेजारी दिसतात. आडवं अंतर १.५ मायक्रोमीटर आणि उभं २ मायक्रोमीटर असेल तर खरं अंतर २.५ येतं, पण मॅक्झिमम प्रोजेक्शनवर (सगळे थर एकत्र करून केलेल्या चपट्या प्रतिमेवर) मोजणारा ते १.५ लिहितो. थरांची मालिका घ्या आणि तिन्ही दिशांनी मोजा.

तिसरी फिक्सेशनची, म्हणजे पेशी आहे त्या स्थितीत पक्की करण्याची. सेंट्रोसोमच्या अँटिबॉडींना बहुधा उणे २० अंशांचं मिथेनॉल मानवतं, ५ ते १० मिनिटं. पण पेशींची बशी आधी बर्फावर ठेवून मग निवांत फिक्स केलीत, तर थंडीने मायक्रोट्यूब्यूल विरघळतात आणि अंतर बदलतं. बशी इन्क्युबेटरमधून काढली की माध्यम ओतून टाका आणि थेट थंड मिथेनॉल घाला.

आता सगळ्याच पेशी का फाकत नाहीत. एक तर एसआयआरएनएने प्रथिन पूर्ण जात नाही. ७२ तासांनीही काही पेशींत थोडं उरतं, म्हणून त्याच पेशीत सी-नॅप-१ चाही रंग करून ज्यांत तो खरंच गेलाय त्याच मोजाव्यात. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. लिंकरखेरीज मायक्रोट्यूब्यूलही सेंट्रोसोमना जवळ ठेवतात, त्यात केआयएफसी-३ या किनेसिनचा हात आहे. दावं गेलं तरी ही ओढ काही पेशींना धरून ठेवते, आणि किती पेशींना हे पेशीच्या जातीवर ठरतं. म्हणूनच नोकोडॅझोलने मायक्रोट्यूब्यूल काढून टाकले की काही पेशींत सेंट्रोसोम फाकतात.

अँटिबॉडी बरोबर आहे का हे तपासायला वेगळी स्लाइड लागत नाही. त्याच स्लाइडवर मेटाफेजची पेशी शोधा. इंटरफेजमध्ये सी-नॅप-१ चे ठिपके ठळक आणि मेटाफेजच्या ध्रुवांवर अगदी फिके, असंच दिसायला हवं. मेटाफेजलाही तेवढेच ठळक दिसत असतील तर अँटिबॉडी भलतंच काही धरतेय, आणि त्या स्लाइडवरची मोजणी धरू नका.