सणाला पांगलेली भावंडं एकत्र कशी आणायची? (वही माझ्याकडे आली आहे)

नवी_मुनीम

नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, पण इथे बऱ्याच जणांची घरं माझ्यासारखीच चहूकडे पांगलेली असतील म्हणून विचारते.

आमच्याकडे नात्यांचा सगळा हिशेब आत्याकडे असायचा. कोणाचा वाढदिवस कधी, कोणाच्या मुलाची परीक्षा आहे, कोणाचं कोणाशी फाटलंय, कोणाला कुठल्या वेळी फोन केलेला चालतो. सण जवळ आला की ती दुपारी पाय पसरून बसायची आणि एकेक घर घ्यायची. आता तिला ऐकू कमी येतं, फोनवर तर फारच कमी. तर तिने तिची वही माझ्या हातात ठेवली. निळं रेक्झिन, नंबर खोडून त्यावर दुसरा नंबर, तोही खोडलेला. समासात तिच्या खुणा: ‘रात्री नको’, ‘आधी सुनेशी बोलावे’, ‘पैशाचा विषय काढू नये’. एका चुलतभावापुढे नुसतंच ‘स्वतःहून करणार नाही, पण वाट बघतो’. “आता तू बघ,” म्हणाली आणि विषय संपला.

पसारा असा: निम्मी मंडळी भारतात पाच-सहा शहरांत, एक शाखा कॅलिफोर्नियात, एक लंडनला, एक मामेबहीण मेलबर्नला. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप आहे, पण त्यात सणाला फुलांच्या चित्रावर ‘हार्दिक शुभेच्छा’ आणि खाली तीस वेळा हात जोडलेले. मागच्या सणाला व्हिडिओ कॉल लावला. पहिला पाऊण वेळ “आवाज येतोय का?”, “काका, माइक चालू करा”, “तुमचं नुसतं कपाळ दिसतंय” यात गेला. मग मोठे काका तब्येतीवर बोलू लागले, पोरं एकेक करून कॅमेरा बंद करून पसार झाली, आणि आत्याची बोलायची पाळी आली तेव्हा फुकटातली वेळ संपून कॉल तुटला. ती बिचारी रिकाम्या पडद्याकडे बघून आणखी थोडा वेळ बोलत होती.

वेळ कशी जुळवायची, पोरांना कसं ओढायचं, आत्याला यात कसं धरायचं? आणि दोन काकांचं जमिनीवरून बोलणं बंद आहे, त्यांचं काय करायचं? लेक्चर नको, तुमच्या घरात जे चाललं ते सांगा.

—

घड्याळजी

वेळेचं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतील.

चारही ठिकाणं एका कॉलवर आणायची असतील तर फट अगदी बारीक आहे. ऑक्टोबरच्या मध्याला भारतात सकाळचे साडेअकरा वाजतात तेव्हा मेलबर्नला संध्याकाळचे पाच, लंडनला सकाळचे सात आणि कॅलिफोर्नियात आदल्या रात्रीचे अकरा. म्हणजे एक जण दात घासतोय आणि एक जण पेंगतोय. जमतं, पण गप्पा होत नाहीत, हजेरी होते.

त्यापेक्षा दोन कॉल करा. भारतात सकाळी साडेसातला कॅलिफोर्नियात संध्याकाळचे सात आणि मेलबर्नला दुपारचा एक. लंडनवाल्यांना झोपू द्या. मग रात्री साडेआठला दुसरा: लंडनला दुपारचे चार, कॅलिफोर्नियात सकाळचे आठ, मेलबर्न झोपलेलं. भारतातली मंडळी दोन्हीकडे, आणि माणसं विभागली गेल्याने प्रत्येकाला तोंड उघडायला मिळतं.

आता खरी मेख. भारतात घड्याळ बदलत नाही, बाकी तिघांकडे बदलतं, आणि तेही एकाच दिवशी नाही. मेलबर्न ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तासभर पुढे जातं. ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे येतं, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यात लंडन आणि कॅलिफोर्नियातलं अंतर आठऐवजी सातच तास असतं. सण नेमका त्या आठवड्यात आला की “मागच्या वर्षीचीच वेळ” म्हणणारा तासभर आधी किंवा उशिरा उगवतो. म्हणून ग्रुपवर कधीही नुसतं “आठ वाजता” लिहू नका. चारही गावांची वेळ, वारासकट लिहा. कॅलिफोर्नियाचा वार तर हमखास चुकतो.

कॉल तुटण्याबद्दल: झूमवर फुकटात 40 मिनिटं मिळतात, गूगल मीटवर तीन किंवा जास्त जण असले की 60. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलला अशी मर्यादा नाही, पण एका वेळी 32 जणच. दोन कॉल केलेत तर 32 पुरून उरतील.

—

धाकटी_जाऊ

वेळ-बीळ ठीक आहे, पण मला आधी एक सांगा. तुमच्या त्या वहीत जी घरं आहेत, तिथे फोन उचलतं कोण? सुना ना? आमच्याकडेही तेच. नवऱ्याच्या मावशीचा वाढदिवस माझ्या लक्षात, नवऱ्याच्या काकांचं ऑपरेशन कधी ते माझ्या लक्षात, आणि कॉलवर “आमच्या घरात सगळे किती धरून आहेत” हे बोलणार नवरा.

दोन वर्षांपूर्वी मी घरात जाहीर केलं: ज्याचं रक्त त्याचा फोन. तुझ्या आत्याला तू, माझ्या मामाला मी. पहिल्या सणाला त्याच्या निम्म्या नातेवाइकांना फोनच गेले नाहीत आणि तक्रारी माझ्याकडे आल्या. मी नंबर त्याचा दिला. आता करतो. दोन मिनिटांत उरकतो, पण करतो. मावशीला तर त्या दोन मिनिटांचं माझ्या अर्ध्या तासापेक्षा जास्त कौतुक! असो.

तुम्ही आत्याची गादी चालवू नका. वही फाडा (झेरॉक्स काढून हो!) आणि प्रत्येक शाखेचं पान त्या शाखेतल्या एकाला द्या, शक्यतो पुरुषाला, शक्यतो ज्याने आजवर काही केलेलं नाही त्याला.

—

वाचनवेडा

धाकटी_जाऊ यांना +१. यावर अभ्यासही झालाय. कॅनडातल्या कॅरोलिन रोझेंथल यांनी 1985 मध्ये नेमक्या या कामावर शोधनिबंध लिहिला. बऱ्याच कुटुंबांत नाती जोडून ठेवणारं एक ठरावीक माणूस असतं, ते बहुतेक वेळा बाई असते आणि तिच्यानंतर काम पुढच्या पिढीतल्या बाईकडे जातं, असं त्यात आहे. 1987 मध्ये मिकाएला दी लिओनार्दो यांनी कॅलिफोर्नियातली इटालियन वंशाची कुटुंबं बघून दाखवलं की सणाची कार्डं, फोन, कोणाला बोलवायचं हे ठरवणं ही चक्क मजुरी आहे. कोणी मोजत नाही एवढंच.

तेव्हा मुनीमबाई, हे तुमच्या एकटीच्या घरचं नाही.

—

नवी_मुनीम

घड्याळजी, दोन कॉलचं पटलं. वार लिहायचं तर शंभर टक्के.

धाकटी_जाऊ, हसून हसून पुरेवाट झाली. कालच लंडनच्या चुलतभावाला त्याच्या शाखेचं पान फोटो काढून पाठवलं. त्याचं उत्तर: “हे मला का?” मी अंगठा पाठवला.

पण पोरांचं आणि आत्याचं अजून कोणी बोललं नाही.

—

खोकेवाला

मी बोलतो, आणि जरा लांबण लावणार आहे.

आमच्याकडे सणाला फोटोचा खेळ चालतो. आईच्या कपाटावर एक पत्र्याचा खोका होता, त्यात जुने फोटो, बहुतेकांच्या मागे काहीही लिहिलेलं नाही. सणाच्या आधीच्या महिन्यात दर रविवारी मी त्यातला एक ग्रुपवर टाकतो. वर ना शुभेच्छा, ना ‘आठवणी’ वगैरे. फक्त एक प्रश्न, आणि तो साधा हवा. “डावीकडून तिसरा कोण?” बस.

पहिला फोटो टाकला त्यात ओसरीच्या पायरीवर माणसं ओळीने बसलेली, आणि कडेला एका माणसाचा नुसता हात आणि अर्धा खांदा. हातात बाळ. बाळ कोण यावर तीन घरांनी दावा केला. ताई म्हणाली मी, काका म्हणाले छे, तो तर मी, आणि मावशीचं म्हणणं की फोटो तुमच्या कोणाच्याही जन्माआधीचा आहे. मग मोठ्या मामांचा व्हॉइस मेसेज आला, भलामोठा. मामा कधी ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाहीत, टायपिंगचा कंटाळा. त्यांनी बाळाचं नाव बाजूलाच ठेवलं आणि तो हात ओळखला, मनगटावरच्या घड्याळावरून. घड्याळ कोणी कोणाला दिलं, कशाबद्दल दिलं, पुढे ते गहाण कसं पडलं, सोडवलं कोणी. आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं. त्या रात्री ग्रुपवर एकही फुलाचं चित्र आलं नाही.

पोरांचं इथेच जमलं. त्यांना कॉलवर बसवून “आजोबांना नमस्कार कर, काही तरी बोल” म्हटलं की ती पळणारच, आपणही पळालो असतो. काम द्या. माझी भाची चौदा वर्षांची आहे, तिला मी ‘तपास अधिकारी’ केलं. फोटोबद्दल दोन जण वेगळं सांगत असले की ती दोघांना वेगवेगळा फोन करून उलटतपासणी घेते. म्हातारी माणसं तिला जे सांगतात ते मला आजवर सांगितलं नाही. आणि पोरांचा वेगळा ग्रुप असू द्या, त्यात मोठ्यांनी डोकावायचं नाही. आमची पोरं तिथे आमच्या नकला करतात असा मला दाट संशय आहे. करोत बापडी, त्या निमित्ताने भावंडं बोलतात तरी.

वाचनवेडा यांच्यासाठी खाऊ: एमरी विद्यापीठातल्या मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवश यांनी मुलांसाठी 20 प्रश्नांची यादी केली होती: आईवडील कुठे भेटले, तुझं नाव असं का ठेवलं, या धर्तीचे. ज्यांना घरच्या गोष्टी जास्त माहीत होत्या, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वासही जास्त दिसला. पण ड्यूक यांनी हेही स्पष्ट केलंय की उत्तरं पाठ करून घेतल्याने काही होत नाही, गोष्टी सांगण्या-ऐकण्याची सवय त्यामागे असते. तेव्हा प्रश्नमंजूषा करून बक्षिसं वाटू नका. आमच्या एका उत्साही काकूंनी केलं. पोरांनी गूगलवर शोधलं, आणि आजोबांचं नाव गूगलला माहीत नाही म्हणून हिरमुसली.

दोन तांत्रिक गोष्टी. फोटोचा फोटो काढताना फ्लॅश बंद, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने. आणि चांगली प्रत ठेवायची असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नेहमीसारखा पाठवला की तो बारीक करून टाकतं. व्हॉइस मेसेजही वेळच्या वेळी बाहेर काढून कुठे तरी साठवा. फोन बदलला आणि बॅकअप नसला की मामा गेले.

—

कानसेन

आत्यांबद्दल: माझ्या वडिलांना श्रवणयंत्र आहे. वीस जणांच्या कॉलमध्ये त्यांना आवाज येतो पण शब्द सुटत नाहीत, कारण दोघं एकदम बोलले की सगळा कालवा होतो. त्यांना तिथे बसवणं म्हणजे त्यांना एकटं पाडणं. आत्यांचा कॉल वेगळा ठेवा. एका वेळी एकच घर, फोन टीव्हीला जोडून, म्हणजे ओठ मोठे दिसतात. बोलणाऱ्याच्या तोंडावर उजेड हवा. खिडकीकडे पाठ करून बसलेला माणूस त्यांना काळा ठिपका दिसतो. आणि ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. ओरडलं की यंत्रात फाटतं. शेजारी एक जण कागद-पेन घेऊन बसला तर उत्तम. माझी मुलगी ‘पुण्याहून’ वगैरे लांबलचक लिहीत नाही, नुसती नावं आणि बातमी ठळक अक्षरात लिहिते: “मुलगी झाली”. बाकीचं बाबा चेहऱ्यावरून ओळखतात.

—

नवी_मुनीम

कानसेन, हे फारच कामाचं. आमची आत्या मोठ्या कॉलमध्ये सारखी हसत का असते ते आता कळलं. ऐकू येत नाही म्हणून हसते.

खोकेवाला, आमच्याकडेही एक सुटकेस आहे. पण तीच ना जमिनीवाल्या काकांपैकी एकाच्या घरी! दुसऱ्याला वाटेल मी त्यांची बाजू घेतली.

—

धाकटी_जाऊ

मग सुटकेस मागूच नका. आत्यांकडूनच निरोप जाऊ दे: “मला दोन फोटो बघायचेत, पाठव.” बहिणीला नाही म्हणणार नाहीत. आलेले फोटो तुम्ही टाका, कोणाकडून आले ते लिहू नका. आणि दोन काकांना एका कॉलवर आणून गळाभेट घडवायच्या भानगडीत पडू नका, सण ही समेटाची बैठक नाही. घड्याळजींनी दोन कॉल सांगितलेच आहेत: एक काका सकाळी, दुसरे रात्री. कोणी विचारलंच तर लंडनची वेळ सांगायची.